इंग्रजी वाक्यातील कर्त्याविषयी प्रश्न : एक अध्यापन-टिपण
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांकरिता)

प्रास्ताविक

कोणत्याही भाषेत उत्तर देता येणे ही शिक्षणाची पहिली पायरी, आणि प्रश्न विचारता येणे ही दुसरी. मराठी शाळांतील इंग्रजीच्या तासाला पहिली पायरी बहुधा चढली जाते. दुसरीकडे मात्र दुर्लक्ष होते. शिक्षक प्रश्न विचारतात, मुले उत्तरे देतात, आणि वर्ष संपते. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. म्हणजे सातवीच्या अखेरीस मुलाच्या कानांवर सात वर्षे इंग्रजी प्रश्न पडलेले असतात. असे असूनही स्वतःच्या मनातील एक साधा प्रश्न त्याला इंग्रजीत मांडता येत नसेल, तर दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हे. प्रश्न रचण्याची संधी त्याला मिळालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्नरचनेचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे कर्त्याविषयीचा प्रश्न. ‘माठ कोणी फोडला?’, ‘आज कोण गैरहजर आहे?’, ‘काय पडले?’ हे असे प्रश्न होत. हा प्रकार सोपा असूनही मुले यातच अधिक चुकतात. त्याचे कारण काय, रचनेचे मर्म कोणते आणि तो वर्गात कोणत्या क्रमाने शिकवावा, याचे विवेचन या टिपणात केले आहे. इंग्रजी वाक्ये येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. फळ्यावर व वहीत ती रोमन लिपीतच लिहावीत.

अर्थ उलटा होण्याचा धोका

हा विषय केवळ व्याकरणाच्या गुणांपुरता महत्त्वाचा आहे असे समजू नये. पुढील दोन मराठी वाक्ये पाहावीत :

गणूला कोणी ढकलले?
गणूने कोणाला ढकलले?

पहिल्या प्रश्नात गणू पडलेला आहे. दुसऱ्यात गणूने कोणाला तरी पाडलेले आहे. मराठीत हा भेद प्रत्ययांनी स्पष्ट होतो. ‘गणूला’ आणि ‘गणूने’, ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ या रूपांतच कर्ता व कर्म ओळखू येतात. शब्दांचा क्रम बदलला तरी अर्थ ढळत नाही. ‘कोणी ढकलले गणूला?’ असे विचारले तरी पडलेला गणूच.

इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नाहीत. ‘गणू’ हा शब्द कर्ता असो वा कर्म, ‘गणू’च राहतो. ‘हू’ हा प्रश्नशब्दही बोलण्यात दोन्ही ठिकाणी तोच येतो. कर्मासाठी असलेले ‘हूम’ हे रूप आता प्रायः औपचारिक लेखनापुरते उरले आहे. वरील दोन प्रश्न इंग्रजीत असे होतात :

हू पुश्ड गणू?
हू डिड गणू पुश?

पहिल्यात गणू पडला आहे, दुसऱ्यात त्याने पाडले आहे. दोहोंतील भेद केवळ शब्दक्रम आणि ‘डिड’ या एका लहानशा शब्दावर उभा आहे. हा शब्द कोठे येतो आणि कोठे येत नाही हे ज्या मुलाला कळले नाही, त्याच्या तोंडी अपराधी आणि पीडित यांची अदलाबदल होऊ शकते. पुढील आयुष्यात दवाखान्यात, कचेरीत किंवा नोकरीच्या ठिकाणी इंग्रजीतून ‘कोणी दिले?’ आणि ‘कोणाला दिले?’ असे विचारण्याची वेळ आली, तर हाच भेद त्याच्या उपयोगी पडणार आहे.

मूळ नियम

नियम एका वाक्यात सांगता येतो : विधानातील कर्ता काढावा, त्याच्याच जागी ‘हू’ किंवा ‘व्हॉट’ ठेवावे, बाकीचे वाक्य हलवू नये.

राधा ब्रोक द पॉट. — हू ब्रोक द पॉट?
राधा इज सिंगिंग. — हू इज सिंगिंग?
राधा हॅज टेकन माय पेन्सिल. — हू हॅज टेकन माय पेन्सिल?
राधा विल ब्रिंग वॉटर. — हू विल ब्रिंग वॉटर?
राधा कॅन स्विम. — हू कॅन स्विम?
अ स्टोन फेल फ्रॉम द रूफ. — व्हॉट फेल फ्रॉम द रूफ?

काळ कोणताही असला तरी रीत एकच. क्रियापद मूळ जागेवर, मूळ काळात राहते. नव्याने ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ आणावे लागत नाही.

असे का होते, हे शिक्षकाच्या मनाशी स्पष्ट असावे. इंग्रजीत प्रश्नशब्दाला वाक्यारंभीचे स्थान द्यावे लागते. प्रश्न कर्माविषयी, स्थळाविषयी किंवा वेळेविषयी असेल तर तो शब्द मागून उचलून पुढे आणावा लागतो, आणि त्यासोबत एखादे साहाय्यकारी क्रियापदही कर्त्याच्या अलीकडे आणावे लागते. ‘यू आर गोइंग’ याचे ‘व्हेअर आर यू गोइंग?’ होते ते यामुळे. विधानात साहाय्यकारी क्रियापद नसेल तर ती जागा भरण्यासाठी ‘डू’ची योजना करावी लागते : ‘यू वेंट’ याचे ‘व्हेअर डिड यू गो?’. परंतु प्रश्न कर्त्याविषयी असेल तर कर्ता आधीच वाक्यारंभी बसलेला असतो. त्याच्या जागी आलेला प्रश्नशब्दही आपोआप आरंभीच येतो. मग काही हलविण्याचे कारण उरत नाही, आणि भरण्यासारखी रिकामी जागाही उरत नाही.

‘डू’चा थोडा इतिहास

‘डू’ची ही योजना इंग्रजीत पहिल्यापासून नव्हती. जुन्या इंग्रजीत क्रियापदच कर्त्याच्या आधी घालून प्रश्न होत असे. ‘व्हॉट डिड यू से?’ या अर्थी ‘व्हॉट सेड यू?’ अशी रचना चाले. सोळाव्या व सतराव्या शतकांत ‘डू’चा वापर वाढत गेला. शेक्सपिअरच्या (१५६४–१६१६) नाटकांत जुनी व नवी अशा दोन्ही रचना आढळतात. स्वीडनमधील अभ्यासक आल्वार एलेगोर्ड यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या स्थित्यंतराची, जुन्या लेखनातील वाक्ये मोजून, सविस्तर नोंद केली. हे स्थित्यंतर झाले ते जेथे क्रियापद कर्त्याच्या अलीकडे आणावे लागे अशा प्रश्नांत. कर्त्याविषयीच्या प्रश्नात तशी उलथापालथ नसल्यामुळे तेथे ‘डू’ला घर मिळाले नाही. हा इतिहास मुलांना सांगण्याचे कारण नाही. पण ‘येथे डू का नाही?’ असे एखाद्या चौकस मुलाने विचारल्यास ‘तसा नियमच आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण करावी लागू नये.

नियमाची व्याप्ती

१. नकारार्थी वाक्य. ‘राधा डिड नॉट कम’ या विधानापासून ‘हू डिड नॉट कम?’ असा प्रश्न होतो. येथे ‘डिड’ दिसते म्हणून नियम मोडला असे वाटण्याचा संभव आहे. पण तसे नाही. हे ‘डिड’ प्रश्नासाठी आलेले नसून ‘नॉट’मुळे विधानातच होते. कर्ता काढून ‘हू’ ठेवले, बाकी काही हलविले नाही. नियम अबाधित राहतो.

२. संक्षिप्त उत्तर. ‘हू ब्रोक द पॉट?’ याचे उत्तर ‘राधा ब्रोक द पॉट’ असे पूर्ण देता येते. परंतु बोलण्यात ‘राधा डिड’ हेच स्वाभाविक. ‘हू इज सिंगिंग?’ — ‘राधा इज’. ‘हू कॅन स्विम?’ — ‘आय कॅन’. प्रश्नात नसलेले ‘डिड’ उत्तरात येते हे मुलांना विचित्र वाटते. ‘ब्रोक द पॉट’ एवढे शब्द पुन्हा म्हणण्याऐवजी ‘डिड’ म्हटले, अशी त्याची उपपत्ती सांगावी. मराठीतही संपूर्ण वाक्य न म्हणता ‘राधाने’ एवढेच उत्तर दिले जाते.

३. एकवचन. ‘हू’ बरोबर क्रियापद सामान्यतः तृतीय पुरुषी एकवचनी येते, मग उत्तरात कितीही माणसे असोत. ‘आय हॅव अ नाइफ’ याचा प्रश्न ‘हू हॅज अ नाइफ?’, ‘वुई लिव्ह हिअर’ याचा प्रश्न ‘हू लिव्हज हिअर?’, ‘राधा अँड गणू वेअर ॲबसेंट’ याचा प्रश्न ‘हू वॉज ॲबसेंट?’. म्हणजे वाक्य हलवायचे नसले तरी क्रियापदाचे रूप येथे तपासावे लागते. साध्या भूतकाळात ‘वॉज–वेअर’ सोडल्यास ही अडचण नाही, कारण ‘आय केम’, ‘वुई केम’, ‘शी केम’ सर्व सारखेच. म्हणूनच या घटकाची सुरुवात साध्या भूतकाळापासून करावी व साधा वर्तमानकाळ शेवटी घ्यावा. पाठ्यपुस्तकातील काळांचा क्रम उलट असला तरी येथे हा क्रम सोयीचा आहे.

४. नामासह येणारे प्रश्नशब्द. ‘विच’, ‘हूज’, ‘हाउ मेनी’ हे शब्द नामाला जोडून कर्ता बनू शकतात. ‘विच बॉय केम फर्स्ट?’, ‘हूज काउ केम इनटू द फील्ड?’, ‘हाउ मेनी चिल्ड्रन केम?’ या तिन्ही प्रश्नांत ‘डू’ नाही. परंतु तोच शब्दसमूह कर्म झाला की ‘डू’ परत येते : ‘हाउ मेनी चिल्ड्रन डिड यू सी?’. येथे वचन नामाप्रमाणे राहते. ‘हाउ मेनी गर्ल्स वॉक टू स्कूल?’ यात ‘वॉक’ अनेकवचनीच हवे. ‘हूज’ या उच्चाराची दोन भिन्न लेखने आहेत, एक ‘कोणाचा’ या अर्थी आणि दुसरे ‘हू इज’ अथवा ‘हू हॅज’चे संक्षिप्त रूप. ही दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावीत.

५. ‘देअर’ने सुरू होणारी वाक्ये. ‘देअर इज अ स्नेक इन द वेल’ या वाक्याचा प्रश्न ‘व्हॉट इज इन द वेल?’ असा करावा. ‘देअर’ हा येथे केवळ जागा भरणारा शब्द असल्याने तो गळतो.

६. ‘हू आर यू?’ हा प्रश्न. चौकस मूल विचारते, ‘हू बरोबर इज येते, मग येथे आर का?’ याचे उत्तर असे, की या प्रश्नात कर्ता ‘यू’ आहे, ‘हू’ नव्हे. ‘आय एम गणू’ हे त्याचे उत्तर. विचारणा ‘गणू’ या विधेयाबद्दल आहे. क्रियापद ‘यू’चे अनुसरण करते.

७. मनुष्य व मनुष्येतर. माणसाविषयी ‘हू’, वस्तूविषयी ‘व्हॉट’. प्राण्यांविषयी सामान्यतः ‘व्हॉट’ वापरतात : ‘व्हॉट बिट द बॉय?’. परंतु गोष्टीतील बोलणारा कोल्हा व कावळा हे माणसांप्रमाणेच मानले जातात, म्हणून तेथे ‘हू’ चालते.

मराठी मातृभाषेमुळे होणाऱ्या चुका

मुलांच्या चुका निष्काळजीपणाच्या क्वचितच असतात. बहुतेकांच्या मागे एखादी ओळखीची मराठी रचना उभी असते. ती शिक्षकाने ओळखली की उपाय सापडतो.

पहिली चूक शब्दक्रमाची. मराठीत प्रश्नशब्द बहुधा क्रियापदाच्या निकट येतो : ‘माठ कोणी फोडला?’. मूल हाच क्रम ठेवून ‘द पॉट हू ब्रोक?’ असे म्हणते. ‘इंग्रजीत प्रश्नशब्द पुढे’ हे सूत्र येथे पुरेसे आहे.

दुसरी चूक द्विरुक्तीची. अनेक माणसे अपेक्षित असली म्हणजे मराठीत ‘कोण कोण आले?’ असे विचारतात. त्यावरून ‘हू हू केम?’ असा प्रश्न जन्मास येतो. इंग्रजीत एकच ‘हू’ एकाला व अनेकांना पुरते, हे उदाहरणांनी ठसवावे.

तिसरी चूक आदरार्थी अनेकवचनाची. ‘गुरुजी आले’, ‘आई आल्या’ अशा रूपांमुळे मुले ‘टीचर हॅव कम’ असे म्हणतात, आणि तेच रूप प्रश्नातही नेतात. इंग्रजी क्रियापद आदराने बदलत नाही.

चौथी चूक सर्वांत व्यापक असून ती मराठीतून आलेली नाही. शिकविण्याच्या क्रमातून आलेली आहे. ‘प्रश्न करताना डू, डज, डिड वापरावे’ असा सरसकट नियम मुलांना आधी दिला जातो. ते तो प्रामाणिकपणे पाळतात आणि ‘हू डिड ब्रेक द पॉट?’, ‘व्हॉट डिड हॅपन?’ असे लिहितात. त्यांना चुकीबद्दल शिक्षा होते ती वस्तुतः आज्ञापालनाची. यास्तव नियम देतानाच त्याची मर्यादा द्यावी : कर्त्याविषयी विचारणा असेल तेव्हा ‘डू’ आणू नये.

चुकांचे तारतम्य

सर्व चुका एकाच मापाने मोजू नयेत. ‘हू डिड पुश गणू?’ ही रचना रूढीस सोडून आहे, पण अर्थ बिघडत नाही. ऐकणाऱ्यास पडलेला कोण हे बरोबर कळते. शिवाय ‘सोपानने ढकलले नाही, तर मग ढकलले तरी कोणी?’ अशा ठासून विचारलेल्या प्रश्नात, ‘डिड’वर जोर देऊन, हीच रचना इंग्रज मनुष्यही करतो. उलट ‘गणूने कोणाला ढकलले?’ असे विचारायचे असताना ‘हू पुश्ड गणू?’ असे लिहिले, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही अर्थ साफ उलटा होतो. पहिल्या चुकीखाली हलकी खूण करून योग्य रूप शेजारी लिहावे. दुसरी चूक मात्र मुलास जवळ बोलावून, दोन मुलांकडून कृती करवून, समजावून द्यावी. वहीवर सर्वत्र सारख्याच लाल रेघा दिसल्या तर कोणती चूक मोठी हे मुलास कळत नाही, आणि प्रश्न विचारण्याचेच भय वाटू लागते.

पाठाची मांडणी

साहित्य : पुठ्ठ्याच्या हातभर लांब पट्ट्या, ‘हू’ व ‘व्हॉट’ असे लिहिलेले दोन लहान चौकोनी पुठ्ठे. जुन्या वह्यांची पाठ व कोळसाही चालेल.

पहिली तासिका. चार मुलांना पुढे बोलवावे. एकाने दार उघडावे, दुसऱ्याने खिडकी लावावी, तिसऱ्याने खडू उचलावा, चौथ्याने घंटा वाजवावी. प्रत्येक कृतीनंतर शिक्षकाने वाक्य म्हणावे व लिहावे : ‘गणू ओपन्ड द डोअर’, ‘राधा क्लोज्ड द विंडो’, ‘सोपान टुक द चॉक’, ‘सखू रँग द बेल’. नंतर काही न बोलता ‘गणू’ या शब्दावर ‘हू’चा पुठ्ठा धरावा व वाक्य वाचावे. वर्ग ते म्हणेल : ‘हू ओपन्ड द डोअर?’. उरलेल्या तीन वाक्यांवर मुलांनीच येऊन पुठ्ठा धरावा. नियमाची व्याख्या सांगण्यापूर्वी हा झाकण्याचा प्रयोग दहा-बारा वाक्यांवर व्हावा. शेवटी ‘काय बदलले? काय बदलले नाही?’ असे मराठीत विचारून नियम मुलांच्याच तोंडून वदवावा. ‘गणू डिड’ या संक्षिप्त उत्तराचा सरावही याच तासिकेत घ्यावा.

दुसरी तासिका. आदल्या दिवशीची उजळणी करून ‘व्हॉट’चा परिचय द्यावा. टेबलावरून एक पेन्सिल खाली पाडावी व ‘व्हॉट फेल डाउन?’ असे विचारावे. नंतर ‘इज’, ‘कॅन’, ‘विल’ व ‘हॅज’ असलेली वाक्ये झाकण्यास द्यावीत. ‘मामाचे पत्र हरवले’ हा खेळ येथे फार उपयोगी पडतो : रिंगणात बसलेल्या मुलांपैकी कोणापाशी रुमाल आहे ते बाहेरच्या मुलाने ‘हू हॅज द लेटर?’ असे विचारावे, आणि ज्याच्यापाशी असेल त्याने ‘आय हॅव’ असे उत्तर द्यावे. ‘हॅज’ व ‘हॅव’ यांचा भेद खेळातच ठसतो.

तिसरी तासिका. आता कर्ता व कर्म यांचा विरोध समोर ठेवावा. गणूने राधाच्या हाती एक पुस्तक द्यावे. फळ्यावर दोन प्रश्न लिहावेत : ‘हू गेव्ह राधा द बुक?’ व ‘हू डिड गणू गिव्ह द बुक टू?’. पहिल्याचे उत्तर देताना मुलांनी गणूकडे, दुसऱ्याचे देताना राधाकडे बोट दाखवावे. बोट दाखविण्यात चूक झाली की अर्थाची गल्लत तत्काळ दिसते. वहीतील चूक दिसण्यास एक दिवस लागतो. जोड्या बदलून हा सराव घ्यावा.

चौथी तासिका. साधा वर्तमानकाळ घ्यावा : ‘हू लिव्हज निअर द टेंपल?’, ‘हू वॉक्स टू स्कूल?’, ‘हू मिल्क्स द काउ?’. हे प्रश्न मुलांच्या घरादाराशी संबंधित असल्याने उत्तरे खरी येतात. खऱ्या उत्तरासाठी विचारलेला प्रश्न मुलाच्या लक्षात अधिक काळ राहतो.

द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसत असल्यास वरच्या इयत्तेतील एका मुलास पट्टी व पुठ्ठा देऊन लहान गटाचा सराव करवावा. शिक्षकाने तेवढ्या वेळात दुसऱ्या इयत्तेचे काम पाहावे. झाकण्याची कृती इतकी सोपी आहे की मुले ती परस्परांना शिकवू शकतात.

दैनंदिन कामकाजात उपयोग

चार तासिकांनी सवय लागत नाही. हजेरीच्या वेळी ‘हू इज ॲबसेंट टुडे?’, दुपारच्या भोजनाच्या वेळी ‘हू वाँट्स मोअर राइस?’, सफाईच्या वेळी ‘हू विल क्लीन द बोर्ड?’ असे विचारण्याची पाळी रोज वेगवेगळ्या मुलावर सोपवावी. प्रश्न मुलाने विचारावा, शिक्षकाने नव्हे. दोन-चार शब्दांचा प्रश्न असला तरी उत्तर खरोखर मिळते, आणि आपल्या इंग्रजीने काम झाले हा अनुभव मुलास येतो. ज्याच्या घरी इंग्रजीचा एकही शब्द कोणी बोलत नाही, अशा मुलास हा अनुभव शाळेखेरीज अन्यत्र मिळणे कठीण आहे.

स्वाध्याय

(अ) ठळक उच्चारलेल्या कर्त्याविषयी प्रश्न करा. (शिक्षकांनी वाक्ये वाचताना कर्त्यावर जोर द्यावा.)

१. सखू वॉटर्ड द प्लँट्स.
२. द विंड ब्रोक द ब्रँच.
३. आय हॅव अ रेड पेन्सिल.
४. फाइव्ह बॉइज क्लाइम्ब्ड द हिल.
५. सोपान डिड नॉट ईट हिज मील.
६. देअर इज अ बर्ड ऑन द रूफ.

(आ) पुढील मराठी प्रश्न इंग्रजीत लिहा.

७. राधाला कोणी पाहिले?
८. राधाने कोणाला पाहिले?
९. काल कोण कोण आले?

उत्तरे : १. हू वॉटर्ड द प्लँट्स? २. व्हॉट ब्रोक द ब्रँच? ३. हू हॅज अ रेड पेन्सिल? ४. हाउ मेनी बॉइज क्लाइम्ब्ड द हिल? किंवा हू क्लाइम्ब्ड द हिल? ५. हू डिड नॉट ईट हिज मील? ६. व्हॉट इज ऑन द रूफ? ७. हू सॉ राधा? ८. हू डिड राधा सी? ९. हू केम येस्टरडे?

मूल्यमापन

घटक पूर्ण झाल्यावर लेखी चाचणीबरोबर एक तोंडी कसोटी अवश्य घ्यावी. प्रत्येक मुलाने वर्गातील कोणालाही, स्वतःच्या मनातील, एक कर्त्याविषयीचा प्रश्न इंग्रजीत विचारावा. पाठ्यपुस्तकातील प्रश्न चालणार नाही. ज्यांना तो विचारता आला त्यांच्या नावापुढे खूण करावी. ज्यांना आला नाही त्यांना पुन्हा पट्टी व पुठ्ठा द्यावा, आणि पुढील आठवड्यात पुन्हा संधी द्यावी. वर्गातील शेवटच्या नावापुढे खूण होईपर्यंत हा घटक पूर्ण झाला असे मानू नये.